मधला खण

बाल्टिमोर,
रविवार, 9 मार्च 2025

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर काही सांगायला जावं तर आई गप्प होते आणि बाबा "बरं, जप" म्हणून फोन तिच्याकडे देतात. म्हणून लिहायला बसले. आधी मुख्य ते सांगून टाकते. शाळेच्या कागदांवर मी शुक्रवारी सही केली. आणखी दोन वर्षं. जूनमध्ये कायमची येईन म्हटलं होतं, ते आता होणार नाही. जुलैत येतेय, चांगले पाच आठवडे. तिकीटही काढलंय.

रागवा, पण पत्र संपल्यावर.

तुम्ही टीव्हीवर बघता ते खोटं नाही. इथे अमेरिकेत 2020 पासून लहान आणि विशीच्या आतल्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, गाड्यांचे अपघातही मागे पडलेत. हे बाबांनी कुठेतरी वाचलंय आणि आईपासून लपवलंय, मला माहीत आहे. पण बाबा, आकडे बघायचेच तर सगळे बघा. या शहरात 2022 साली तीनशेच्या वर खून झाले होते, 2024 मध्ये ते दोनशेच्या आसपास आले. आणि मी काही रस्त्यावर उभी नसते. शाळेचं दार आतून बंद असतं, बेल वाजवल्याशिवाय कुणी आत येत नाही. लायब्ररी दुसऱ्या मजल्यावर. हीटर एवढा चालतो की मी आईने विणलेला स्वेटर खुर्चीवर टाकून ठेवते. (घालते गं. येता-जाता घालते.) तूरडाळ मिळते, कोकम मिळतं, ज्वारीचं पीठही मिळतं. फक्त भाकरी अजून तुझ्यासारखी फुगत नाही.

आता तुम्ही विचारता तो प्रश्न. पुस्तकं काय पुण्यातही आहेत, मग तिथेच का?

एका पुस्तकामुळे. हसू नका. जेसन रेनॉल्ड्स या लेखकाचं 'लाँग वे डाउन', 2017 सालचं. सगळी कादंबरी कवितेत आहे. बाबा म्हणतील, कवितेत कसली कादंबरी? गीतरामायणाची 56 गाणी तुम्हाला तोंडपाठ आहेत, ती तरी दुसरं काय आहेत? माझ्या लायब्ररीत अशी मुलं येतात की जाडं पुस्तक बघूनच त्यांचे खांदे पडतात. हे पुस्तक तीनशे पानांचं आहे, पण पानावर कुठे दहा ओळी, कुठे चारच शब्द, बाकी कोरं. वाचता न येणारा म्हणून ज्याला सगळे ओळखतात, तो मुलगा दोन तासांत पुस्तक संपवतो आणि दुसऱ्या दिवशी मान वर करून चालतो. मी पाहिलंय.

गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलाची आहे. त्याच्या थोरल्या भावाला गोळी घालून मारलंय. त्यांच्या वस्तीत तीन नियम: रडायचं नाही, कुणाचं नाव सांगायचं नाही, सूड घ्यायचा. भावाच्या कपाटाचा मधला खण अडकलेला असतो. हा तो ओढून उघडतो, आतलं पिस्तूल घेतो आणि आठव्या मजल्यावरून लिफ्टने खाली निघतो. सगळं पुस्तक म्हणजे तेवढा एक मिनिटाचा प्रवास. दर मजल्यावर लिफ्ट थांबते आणि एक मेलेलं माणूस आत येतं. काका, वडील, लहानपणीची मैत्रीण, सगळी बंदुकीनेच गेलेली. सूड घेतलेलेही, आणि कुणाच्या सुडात सापडलेलेही.

आई, पुढचं लिहू की नको असं दोनदा झालं. तो भाऊ दुकानात गेलेला असतो तो आईसाठी साबण आणायला. तिच्या अंगाला खाज सुटते, म्हणून वेगळा साबण. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. तू अजून कुणाला दुधाची पिशवी आणायला पाठवत नाहीस, स्वतः जातेस, गुडघे दुखत असले तरी. तुला कधी विचारलं नाही, आत्ताही विचारत नाही. फक्त एवढंच की त्या पुस्तकात त्या आईला कुणी बोल लावत नाही. लेखकही नाही, मुलगाही नाही.

आणि पहिला नियम वाचताना मला बाबा दिसले. तेराव्यापर्यंत आल्यागेल्याला पाणी देत, पत्रावळी मोजत. मी रडायला लागले की "शहाणी ना तू?" म्हणायचे. मी शहाणी झाले आणि मग कितीतरी वर्षं मला रडताच आलं नाही. ही तक्रार नाही हो बाबा. कारण तिसरा नियम तुम्हीच मोडलात. त्या रात्री अण्णाकाका कोयता घेऊन निघाले तेव्हा तुम्ही त्यांच्या हातातून तो काढून घेतलात आणि उजाडेपर्यंत ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून राहिलात. मी खिडकीतून बघत होते. तुम्हाला वाटायचं मी झोपलेय.

इथे 2007 पासून 'सेफ स्ट्रीट्स' म्हणून एक काम चालतं. गल्लीतलीच माणसं, त्यातली कितीतरी स्वतः तुरुंगात जाऊन आलेली, गोळीबार झाला की दुसऱ्या बाजूच्या पोरांपाशी जाऊन बसतात. उलटा वार होऊ नये म्हणून. त्यांना त्याचा पगार मिळतो. तुम्ही ते एका रात्रीत, बिनपगारी केलंत.

माझ्याकडे एक मुलगा येतो. नाव नाही लिहीत. जानेवारीत त्याचा चुलतभाऊ गेला. त्याचा फोटो छापलेला टीशर्ट हा स्वेटरच्या आत घालतो, गळ्यापाशी फोटोतल्या टोपीचा काठ दिसतो. पुस्तक त्याने तीनदा नेलं. तिसऱ्यांदा परत देताना काउंटरवर ठेवलं आणि हात तसाच त्यावर. "लिफ्टचं दार उघडल्यावर तो जातो का?" लेखकाने ते सांगितलेलंच नाही, गोष्ट तिथेच थांबते. मी म्हटलं, तुला काय वाटतं? म्हणाला, उद्या सांगतो. हे फेब्रुवारीतलं. अजून सांगितलेलं नाही, पण मधल्या सुट्टीत रोज येऊन बसतो. जूनमध्ये ही खुर्ची रिकामी करून मी कशी येऊ, सांगा.

बरं, आता नीट ऐका. आईच्या डोळ्यांत थेंब दिवसातून तीनदा, बाबांनी घालायचे. आईने स्वतः घालायचे नाहीत, निम्मे गालावर जातात. बाबांनी साखर तपासून आकडा वहीत लिहायचा आणि दर रविवारी फोटो पाठवायचा. मागच्या दोन्ही रविवारी वही सापडत नव्हती म्हणे. बादली उचलायची नाही, गीझर त्यासाठीच बसवलाय. बिल मी भरते, तुम्ही दिवसभर चालू ठेवलात तरी चालेल. जिन्यातला दिवा रात्रभर राहू द्या. आणि अण्णाकाकांना एकदा जेवायला बोलवा. माझ्या नावाने बोलवा हवं तर.

आणखी एक. दादाच्या कपाटाचा मधला खण. मी आल्यावर आपण तिघं मिळून उघडू. नको वाटलं तर नाही उघडायचा, माझा हट्ट नाही. पण किल्ली तेवढी सापडवून ठेवा. देवघरात कुंकवाच्या डबीखाली असायची.

तुमची,
सोनी

ता. क. आई, जुलैत सकाळचं दूध मी आणीन. तूही ये बरोबर, दोघी जाऊ.