अर्थमंत्र्यांना लातूरहून पत्र : माझी पत कुठं गेली?

माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
स.न.वि.वि.

मी औसा तालुक्यातला. आठ वर्षं अमेरिकेत नोकरी केली, २०२१ मध्ये परतलो. तिकडं उतरलो तेव्हा पत शून्य होती, ते समजण्यासारखं होतं. बँकेत ५०० डॉलर अनामत ठेवून तेवढ्याच मर्यादेचं कार्ड घेतलं, दर महिन्याचं बिल वेळेत भरलं, पुढे गाडीचं कर्ज फेडलं. निघताना स्कोअर ७८० होता, ८५० पैकी.

लातुरात दालमिलसाठी बँकेत कर्ज मागितलं, तर सिबिलमध्ये, म्हणजे कर्जदारांची पत नोंदवणाऱ्या कंपनीकडे, माझ्यापुढे उणे एक. "तुमचं रेकॉर्डच नाही," बँकेतले साहेब म्हणाले. वडील ज्या आडतीवर तीस वर्षं तूर-सोयाबीन घालतात, तिथं नुसत्या शब्दावर उचल मिळते. बँकेत पासपोर्ट दाखवूनही नाही.

प्राप्तिकर खात्याला मात्र माझं रेकॉर्ड पाठ आहे. २०१५ च्या करारामुळे अमेरिकेतल्या खात्यांची माहिती तुमच्यापर्यंत आपोआप येते. माझे जुन्या कंपनीचे थोडे शेअर तिकडं आहेत. लाभांशातून २५ टक्के तिथंच कापले जातात. इथं परतलेल्यांना मिळणारी 'सामान्यतः निवासी नसल्या'ची सवलत पहिली दोन वर्षं होती, तेव्हा तिकडचं उत्पन्न इथं करात धरत नव्हते; आता सगळं उत्पन्न इथल्या करात धरतात आणि तिकडच्या कराची वजावट मिळते. कर द्यायला माझी ना नाही. पण त्या वजावटीसाठी फॉर्म ६७ भरताना आमच्या सीएने माझ्यासमोर पुण्याच्या मित्राला विचारायला फोन लावला, स्पीकरवर. परदेशी मालमत्तेचा तक्ता जानेवारी ते डिसेंबरचा, उत्पन्न एप्रिल ते मार्चचं, डॉलरचा भाव स्टेट बँकेचा, तोही आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा! मालमत्ता लपवली तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड. २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या शेअर-ठेवींना दंडातून सूट मिळाली, तरी रकाने भरावेच लागतात.

मग ज्या विवरणपत्रावर माझा कर ठरतो, तेच बँकेला का चालत नाही? पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय. २०२५ मध्ये तुमच्याच खात्याने ते लोकसभेत सांगितलं. आमच्या शाखेतल्या साहेबांनी ते ऐकलेलं दिसलं नाही.

ते परिपत्रक मराठीत छापून तालुक्याच्या प्रत्येक शाखेत लावा. परदेशातला पतअहवाल आणि चार वर्षांची विवरणपत्रं एकत्र पाहून अर्ज तपासायला सांगा. नाकारायचंच असेल, तर कारण लेखी द्यायला लावा.

दालमिलच्या मशिनरीचं कोटेशन मार्चअखेरपर्यंतच आहे.

आपला,
औसा तालुक्यातला एक करदाता