दहा दिवसांत मिळायला हवा असा कागद

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील रस्त्यांवर विनादिव्याच्या ट्रॉल्यांची ये-जा वाढते आणि दुचाकीस्वारांच्या मृत्यूच्या बातम्याही वाढतात. ‘पोलीस ठाण्यात नोंद झाली आहे’ या वाक्याशी बातमी संपते; मृताच्या घरच्यांची वणवण मात्र तिथून सुरू होते. तिचा अनुभव आमच्या घरात आल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी माझा अडतीस वर्षांचा आतेभाऊ सकाळी दूध घालून परतताना, शेताच्या वाटेवरून एकदम हमरस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला. मागे आई, पत्नी आणि दोन मुले. बाराव्याच्या आधीच गावातल्या चार जाणत्यांनी बैठक घेतली, ट्रॅक्टरमालकाने तीन लाख रुपये द्यायचे ठरले, स्टँप पेपरवर सह्या झाल्या आणि ‘आता कोर्टकचेरी नको’ असे सर्वांनी वहिनींना सांगितले. त्या बैठकीत मीही होतो. पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या माणसाने तेव्हा हिशेब मांडायला हवा होता, तो मी मांडला नाही.

तो हिशेब असा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात आणि २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यात भरपाई मोजण्याची रीत ठरवून दिली आहे. महिना बारा हजारांची कमाई धरली तर वर्षाचे १,४४,००० रुपये होतात. स्वतःचा धंदा करणारा माणूस चाळिशीच्या आतील असेल, तर पुढील वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २,०१,६०० रुपये. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, उरतात १,५१,२००. अडतीस वर्षांच्या वयाला १५ चा गुणक लागतो. गुणाकार २२,६८,००० रुपयांचा होतो आणि अंत्यविधीचा खर्च, पत्नी-मुलांच्या वाट्याची मायेची पोकळी यांपोटीच्या ठरावीक रकमा त्यावर वेगळ्या. उत्पन्नाचा पुरावा तोकडा पडला तर न्यायाधिकरण, म्हणजे मोटार अपघातांच्या भरपाईचे दावे ऐकणारे न्यायालय, मिळकत कमी धरते, हे खरे. म्हणून डेअरीची पावतीपुस्तके आणि बँकेचे पासबुक जपून ठेवावे लागते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कोणाची चूक हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख रुपये मागता येतात. आम्ही ज्यावर समाधान मानले ती रक्कम त्याहूनही कमी होती आणि ट्रॅक्टरचा विमा मात्र चालू होता.

आणखी एक गैरसमज त्या बैठकीत पक्का झाला, तो म्हणजे फौजदारी केस आणि नुकसानभरपाईचा दावा ही एकच गोष्ट आहे असा. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा, आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, गावात बसून मिटवता येत नाही. आणि चालक त्यातून सुटला तरी भरपाईचा दावा त्यामुळे बुडत नाही, कारण न्यायाधिकरण पुराव्याची पारख फौजदारी न्यायालयाइतक्या कडक निकषाने करत नाही.

माझी मुख्य तक्रार पुढे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि अपघातापासून दहा दिवसांत मृताच्या वारसांना त्यांच्या हक्कांची माहिती देणारा ‘नमुना २’ हातात द्यायचा असतो. पोलिसांचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणात पोहोचला की मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ (४) प्रमाणे तोच भरपाईचा अर्ज समजला जातो. हे नियम पाळले जावेत म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्व राज्यांना निर्देश दिले आहेत. दहा दिवस म्हणजे आपल्याकडे सुतकाचे दिवस. घरातली बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही आणि बाहेरचे सगळे व्यवहार दीर, भाऊ नाहीतर गावचे पुढारी करतात. नेमक्या त्याच काळात हा कागद घरात यायला हवा. आमच्याकडे तो आलाच नाही. आमच्या हाती आलेले एफआयआर आणि पंचनाम्याचे कागद कन्नडमध्ये होते आणि वहिनींचे शिक्षण सातवीपर्यंत, मराठी शाळेत झालेले. कन्नड ही राज्याची भाषा आहे आणि पोलिसांनी आपले दप्तर त्या भाषेत ठेवण्यावर माझा आक्षेप नाही. मात्र ज्या कागदाचा उद्देशच वारसाला त्याचे हक्क समजावणे हा आहे, तो त्याला वाचता येत नसेल तर दिला काय आणि न दिला काय, सारखेच.

या अज्ञानाची किंमत मुदतीत मोजावी लागते. १९९४ नंतर अशा दाव्यांना मुदतीची अट उरली नव्हती. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून ती अपघातापासून सहा महिन्यांची झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, परंतु कोणत्याही कुटुंबाने त्या भरवशावर थांबू नये. वहिनींना दाव्याविषयी कळले तेव्हा नऊ महिने उलटले होते. त्यानंतर वंशावळीच्या दाखल्यासाठी नाडकचेरीचे, म्हणजे इथल्या स्थानिक महसूल कार्यालयाचे, खेटे, आणि शाळेच्या दाखल्यावरचे मराठी नाव व आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून प्रतिज्ञापत्र! सीमाभागातल्या किती घरांत एकाच माणसाची अशी दोन-तीन नावे कागदोपत्री नांदत असतील, हे वाचकांना सांगायला नकोच.

चंदगड, गडहिंग्लजकडची माणसे कामासाठी बेळगावला येतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. अपघात कर्नाटकात झाला म्हणून दावा इथेच लावावा लागतो असे नाही. वारस राहतात तेथील न्यायाधिकरणातही तो लावता येतो. वाहन ठोकरून पळून गेले आणि सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख रुपयांची वेगळी तरतूद आहे. विजेच्या तुटलेल्या तारेने शेतकरी गेला किंवा अशीच दुसरी चूक घडली, तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली पत्नी, पती, आईवडील व मुले यांना मृत्यूपासून दोन वर्षांत दिवाणी दावा करता येतो. रुग्णालयाविरुद्धच्या ग्राहक तक्रारीलाही दोन वर्षांचीच मुदत आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी मागे हटू नये, कारण स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. लोकअदालतीत तडजोड करताना मात्र आकडा नीट पाहूनच सही करावी, तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

माझी मागणी एवढीच की, बेळगाव जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ‘नमुना २’ कन्नडबरोबर मराठीतही छापून घ्यावा आणि मराठी वस्तीच्या प्रत्येक ठाण्यात तो ठेवावा. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० नागरिकाला आपल्या भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देतो, आणि १५ टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढण्याचे धोरणही जुनेच आहे. दोन पानांच्या कागदासाठी नव्या कायद्याची गरज नाही. तोपर्यंत ग्रामपंचायतींनी आणि गावच्या मंडळांनी निदान असे स्टँप पेपर करायला बसू नये.

वहिनींचा दावा उशिरा का होईना दाखल झाला आहे. मुदतीचा मुद्दा अजून निकाली निघालेला नाही आणि पुढची तारीख संक्रांतीनंतरची आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका