शिबिरात डोळ्यांचा दाबही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यात ज्येष्ठांसाठी मोफत नेत्रशिबिर भरणार असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. 'मोतीबिंदू तपासणी व चष्मेवाटप' एवढेच त्यात होते, म्हणून हे पत्र.

मी एस. टी.चा निवृत्त चालक. पसरणी घाटात गाडी चालवण्यात उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे नजरेचा जरा गर्वच होता. निवृत्तीनंतर दर दोन वर्षांनी दुकानात जाऊन चाळिशीचा नंबर बघून घ्यायचा, एवढीच डोळ्यांची काळजी. दीड वर्षापूर्वी एका सकाळी उजव्या डोळ्यात कचरा गेला. तो मिटून डाव्याने भिंतीकडे पाहिले, तर कालनिर्णयावरचे रविवार-सोमवार गायब! तिथे अंधार दिसत नव्हता, डागही नव्हता. ते वार जणू छापलेच नव्हते. उजवा उघडला की आठवडा पुन्हा पुरा. किती दिवस हे असे चालले होते, देव जाणे.

घरच्यांचे निदान तयार होते : 'मोतीबिंदू असणार, पिकू द्या.' आदल्या वर्षीच्या एका शिबिरातही बॅटरीचा उजेड टाकून 'सुरुवात आहे' असेच सांगितले होते. मी आणखी पाच महिने पिकण्याची वाट पाहिली. निघाला काचबिंदू.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावले. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होते आणि त्याचा निचराही होत असतो. निचरा तुंबला की दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू वाळते. सर्वसाधारण दाब १० ते २१ (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये). माझ्या डाव्या डोळ्याचा ३४ भरला. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरची बरीच उशिरा. म्हणून तर दुकानातला तक्ता मी खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचत होतो! मोतीबिंदूत गढूळ भिंग काढून नवे बसवता येते. वाळलेल्या नसेला असा उपाय नाही. उरले आहे ते थेंबांनी राखायचे, आणि ते थेंब जन्मभर. काहींचा दाब २१च्या आत असूनही नस खराब होते, म्हणून नुसता दाब मोजूनही भागत नाही; नसही पाहावी लागते. त्यासाठी बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास अंधूक दिसते, तेव्हा सोबत कोणीतरी न्यावे. मी स्कूटरवर गेलो होतो. ती तिथेच ठेवून रिक्षाने परतलो.

बाकी 'पिकू द्या' हे आता मोतीबिंदूलाही लागू नाही. ती जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली गोष्ट. फारच पिकला तर तोही डोळ्याचा दाब वाढवू शकतो.

आणखी एक चूक माझ्याच हातची. डोळा लाल झाला की मेडिकलमधून मागचीच बाटली आणून घालायचो. तिच्यात स्टेरॉइड होते. असे थेंब दिवसेंदिवस घातले तर काहींचा दाब चढतो, हे मला साठी उलटल्यावर कळले.

सख्ख्या भावंडांना धोका जास्त, म्हणून दोन्ही भावांच्या मागे लागलो आहे. थोरला तपासून आला. धाकटा म्हणतो, 'दादा, मला स्पष्ट दिसतंय.' मलाही दिसत होते.

शिबिर भरवणाऱ्या मंडळांना विनंती की, मधुमेही आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसांचा दाब मोजायची सोय करावी. नसेल तर 'येथे फक्त मोतीबिंदू पाहिला जाईल' असे फलकावर स्पष्ट लिहावे. आणि आपल्या वार्ताहरांनी शिबिराची बातमी देताना किती चष्मे वाटले याबरोबर किती जणांचा दाब मोजला, हेही विचारावे.

आपला,
एक निवृत्त एस. टी. चालक, वाई