अर्ल ग्रे उकळू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पणजी-मडगावच्या कॅफेंपासून गावागावांतल्या होमस्टेपर्यंत मेन्यूकार्डावर आता ‘अर्ल ग्रे’ हा सुगंधी चहा हमखास दिसतो. सुपरमार्केटातही त्याच्या तीन-चार पेट्या ओळीने मांडलेल्या असतात. घरी आणल्यावर मात्र तो बहुतेक वेळा आपल्या रोजच्या चहासारखा दूध-साखर घालून खळखळ उकळला जातो. मग ‘साबणासारखा लागतो’, ‘अत्तराचा वास येतो’ अशी तक्रार होते आणि पेटी कपाटात मागे सरकते. हा चहा नीट निवडला आणि नीट केला तर अतिशय सुरेख लागतो, म्हणून हे पत्र.

अर्ल ग्रे ही चहाची वेगळी जात नव्हे. काळ्या चहाच्या पानांना बर्गमॉट या फळाच्या सालीच्या तेलाचा वास दिला की अर्ल ग्रे तयार होतो. बर्गमॉट हे लिंबूवर्गातले फळ, रसाला इतके आंबट-कडू की कोणी सोलून खात नाही. त्याची किंमत सालीत आहे. जगातले बहुतेक बर्गमॉट इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात रेज्जोच्या किनारपट्टीवर पिकते. नोव्हेंबर ते मार्च तोडणी चालते आणि उष्णता न देता, साल नुसती दाबून तेल काढतात. बियाण्यांच्या दुकानांत ‘बर्गमॉट’ नावाने मिळणारे पुदिन्याच्या कुळातले लाल फुलांचे रोप निराळे आहे. ते लावून या चहाचा वास मिळणार नाही. चहाला नाव मिळाले ते ‘अर्ल’ हा सरदारी किताब असलेल्या चार्ल्स ग्रे यांच्यावरून. ते १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते. चिनी अधिकाऱ्याने त्यांना ही कृती भेट दिल्याची गोष्ट पेट्यांवर छापलेली असते, तिला पुरावा नाही.

या तेलात लिमोनीन असते, जे आपल्या लिंबाच्या सालीतही असते. पण बर्गमॉटला बर्गमॉटपण येते ते लिनालिल ॲसिटेट आणि लिनालूल या दोन घटकांमुळे. फुलांसारखा मऊ वास त्यांचा. हे घटक वाफेबरोबर उडतात. पातेल्यात चहा पाच मिनिटे उकळला की स्वयंपाकघर घमघमते आणि कपात नुसता कडवटपणा उरतो.

खरेदी करताना आधी घटकांची यादी वाचा. वास नैसर्गिक आहे, ‘नेचर आयडेंटिकल’ आहे की कृत्रिम, हे तिथे कळते. ‘नेचर आयडेंटिकल’ म्हणजे निसर्गात असलेलाच घटक, पण कारखान्यात बनवलेला. त्यात वाईट काही नाही, मात्र त्यात बहुधा एक-दोनच घटक असल्याने वास सपाट, गोळीसारखा येतो. खऱ्या तेलाच्या चहाला आधी सालीचा तिखट झणका, मग फुलाचा वास आणि शेवटी जिभेवर किंचित कडसर चव येते. निळ्या पाकळ्या मिसळलेल्या असतील तर त्या शोभेच्या आहेत. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

मूळ चहा कोणता, हे वासाइतकेच महत्त्वाचे. सीटीसी, म्हणजे आपली नेहमीची दाणेदार पूड, इतकी कडक उतरते की बर्गमॉट तिच्याखाली दबतो. मग तेल जास्त घालावे लागते आणि अत्तराची तक्रार तिथूनच सुरू होते. अख्ख्या किंवा मोठ्या तुकड्यांच्या पानांचा, ऑर्थोडॉक्स पद्धतीचा चहा घ्यावा. माझी पसंती दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतल्या चहाला. त्याचा स्वतःचा वास हलका आणि फुलांकडे झुकणारा असल्याने बर्गमॉटशी छान जमतो. सिलोन, म्हणजे श्रीलंकेचा चहाही चांगला. दार्जिलिंगचा पहिल्या तोडीचा चहा यात वापरणे मला उधळपट्टी वाटते.

चहा फार उग्र निघाला तर फेकू नका. तितकाच साधा ऑर्थोडॉक्स चहा त्यात मिसळून घट्ट डब्यात आठवडाभर ठेवा. साधी पाने वास ओढून घेतात. पण अरोमाथेरपीच्या बाटलीतले तेल चहात कधीही टाकू नका, ते खाण्यासाठी बनवलेले नसते.

आता कृती. २०० मिली पाण्याला २ ग्रॅम पाने, म्हणजे साधारण एक सपाट चमचा. पान मोठे असेल तर चमचा थोडा भरून. पाणी ताजे घ्या, एक उकळी येऊ द्या, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. किटलीत गरम पाणी फिरवून ओता, मग पाने घाला, वरून पाणी ओता आणि लगेच झाकण ठेवा. झाकण विसरू नका, वास तिथेच अडतो. तीन मिनिटांनी गाळा. पाच मिनिटांच्या पुढे गेलात तर टॅनिन उतरते आणि बर्गमॉटच्या कडसरपणात तुरटपणाची भर पडते. टी-बॅग असेल तर पूड बारीक असते, अडीच मिनिटे पुरतात. बॅग पिळू नका. त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतले तर चहा मिळतो, अर्ल ग्रे नाही.

बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर चहावर तेलकट दिसणारी साय धरते. ते बर्गमॉटचे तेल नव्हे, पाण्यातल्या चुन्यामुळे तसे होते. आरओ फिल्टरचे पाणी वापरा किंवा लिंबाचे दोन थेंब टाका. साय जाईल आणि रंगही उजळेल.

दुधाबद्दल दोन गैरसमज आहेत. एक, लिंबूवर्गातले फळ म्हणजे दूध फाटणार. फाटत नाही, कारण चहात सालीचे तेल असते, रस नसतो. लिंबू पिळून वर दूध ओतले तर मात्र नक्की फाटेल. दुसरा, दूध घालूच नये. आवडत असेल तर जरूर घाला, पण उकळून नव्हे. १२० मिली पाण्यात ४ ग्रॅम पाने चार मिनिटे ठेवून गाळा आणि ६० मिली गरम, न उकळणारे दूध वरून ओता. आले-वेलची नको. साखर थोडी चालते, गूळ या वासाला मारतो.

सोबत नारळाचे गोड उत्तम: बेबिंक, दोदोल, चतुर्थीच्या नेवऱ्या. त्यांचा तुपट गोडवा हा चहा कापून काढतो. मिरची भजी आणि पातळ भाजीला आपला कडक दुधाचा चहाच बरा.

एप्रिल-मेच्या उकाड्यात गार पाण्यातला चहा करून पाहा. एक लिटर पाण्यात ८ ते १० ग्रॅम पाने घालून भांडे झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. गरम चहा बर्फात ओतला की तो बऱ्याचदा गढूळ होतो, कारण गार होताना कॅफिन आणि टॅनिन एकमेकांना धरून बसतात. गार पाण्यात केलेला स्वच्छ राहतो, तुरटही कमी लागतो.

आपल्याकडे खरी अडचण साठवणीची आहे. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडी पेटी काही दिवसांतच मऊ पडते. चहा ओलावा शोषतो तसाच वासही, म्हणून सुके बांगडे, सुंगटे आणि मसाल्याच्या डब्यांच्या कपाटात तो ठेवू नये. उलट बाजूनेही तेच: अर्ल ग्रेशेजारी ठेवलेल्या साध्या चहाला महिन्याभरात बर्गमॉटचा वास लागतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा वापरा. फ्रिज नको, बाहेर काढताच पानांवर दव धरते. प्लास्टिकचा डबा वास धरून ठेवतो. एका वेळी ५० ग्रॅमच घ्या, त्यात २५ कप होतात. टी-बॅग घेणार असाल तर प्रत्येक बॅग वेगळ्या फॉइलच्या पाकिटात असलेली घ्या. तेल जुने झाले की वास टर्पेंटाइनकडे झुकतो; तो चहा काढून टाकावा.

प्रकृतीविषयी एवढेच. या तेलात बर्गाप्टेन नावाचा घटक असतो. रोज चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे पिणाऱ्या एका माणसाला स्नायूंत पेटके आल्याची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००२ साली आली होती. दिवसाला दोन-तीन कपांची धास्ती घ्यायचे कारण नाही. ग्रेपफ्रूट हे बर्गमॉटसारखेच लिंबूवर्गातले फळ; ते टाळायला सांगितलेली औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्यावे.

हॉटेल आणि होमस्टे चालवणाऱ्यांना एक विनंती. ग्राहकासमोर कोमट पाण्याचा कप आणि बाजूला सुकी टी-बॅग ठेवू नका. त्या पाण्यात तेवढ्या वेळात फारसे काही उतरत नाही. झाकणाच्या किटलीत, नुकत्याच उकळलेल्या पाण्यात चहा घालून आणा, दूध आणि लिंबू वेगवेगळे द्या, आणि बॅग किंवा गाळणे काढून ठेवायला एक बशी द्या. चहाची पेटी कॉफी मशीनच्या डोक्यावर ठेवलेली दिसते, तिथली ऊब तेल उडवते. ती खालच्या कोरड्या फळीवर हलवा.

आपला,
एक चहाप्रेमी वाचक, फोंडा