दांडेकरांची सरासरी

सातारा, रविवार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, वर्गात सरांनी विचारलं, अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर मूळचे कुठले, आणि तूही गप्प बसलीस. अगं, साताऱ्याची पोर तू! ६ जुलै १९२० ला त्यांचा जन्म इथलाच. तू पुण्यातल्या ज्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत शिकतेस तिथले ते १९६६ ते १९८० संचालक. चौकांना नावं द्यायची हौस आपल्याला दांडगी, पण अर्थशास्त्राचा प्राध्यापक कुणाला आठवत नाही.

मलाही ते नाव नोकरीत कळलं. आपल्या दुष्काळी माण तालुक्यात कृषी सहायक होतो, तेव्हा पीक कापणी प्रयोग करायचो, म्हणजे थोडं रान कापून परिसरात किती पिकलं याचा अंदाज काढायचा. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, आतली बाजरी कापून, मळून वजन करायची. जागा आधीच ठरलेली, आपल्या मर्जीनं बदलायची नाही. शेतकरी म्हणायचा, “सायेब, त्या बांधाकडं घ्या की, तिथं काय बी न्हाई.” ही पद्धत देशात बसवण्यात मोठा वाटा होता संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांचा, म्हणजे आपल्या खटाव तालुक्यातल्या बुध गावच्या माणसाचा.

त्या वजनावर पीक विमा उभा केला तो दांडेकरांनी. प्रत्येकाचं नुकसान मोजायला दोन-दोन एकरांच्या लाखो तुकड्यांत कोण फिरणार? आणि मागची पाच वर्षं किती पिकलं याचा कागद आपल्या कुठल्या घरात असतो? १९७६ साली त्यांनी मांडलं की माणूस सोडा, परिसर धरा. परिसराची सरासरी घसरली की तिथल्या सगळ्या विमेकऱ्यांना भरपाई. कुणी मुद्दाम रान पडीक ठेवलं तरी त्याला जास्तीचं काही मिळणार नाही. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना याच पायावर आली.

त्याआधी १९७१ मध्ये नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी गरिबीचा हिशेब मांडला होता. दिवसाला २,२५० कॅलरी पोटात जायच्या तर १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये लागतात, शहरात साडेबावीस. तेवढाही खर्च न झेपणारे खेड्यात ४० टक्के निघाले, शहरात ५०. उपाय म्हणून त्यांनी वाटप सांगितलं नाही, मागेल त्याला काम सांगितलं. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. तुझी आजी म्हसवडच्या रस्त्यावर खडी फोडत होती आणि मी तिच्या वाटणीची सुकडी, दुष्काळी कामावर मिळणारा खाऊ, खात होतो. त्या ४० टक्क्यांत आपण होतो, हे मला नोकरीला लागल्यावर समजलं.

कॅलरीच्या आकड्यावरून मात्र सुखात्मे आणि दांडेकर यांची चांगलीच जुंपली. सुखात्म्यांचं म्हणणं, एकाच माणसाचं खाणं रोज कमीजास्त होतं आणि शरीर ते सांभाळून घेतं. सरासरीच्या खाली गेला तो उपाशीच, असं धरू नका. दांडेकरांना ते पटलं नाही. मला विचारशील तर मी दांडेकरांकडचा. सांभाळून घेणारं शरीर मी घरात पाहिलंय.

पण एका बाबतीत माझं त्यांच्याशी भांडण आहे. प्रादेशिक असमतोलाच्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९८४ च्या अहवालात त्यांनी ३,१८६ कोटींचा अनुशेष, म्हणजे मागं राहिलेल्या भागांच्या विकासाची तूट, दाखवला. साताऱ्यात जन्मलेल्या माणसानं विदर्भ-मराठवाड्याचं मागासपण आकड्यांत मांडलं, याचं मला कौतुकच आहे. पण मोजमाप जिल्ह्याचं. कराडचा ऊस आणि माणमधल्या दहिवडीची कुसळं एकाच सरासरीत घातली की माण दिसतच नाही.

विम्यातही तेच व्हायचं. एका वर्षी ओढ्याच्या अलीकडं पाऊस झाला, पलीकडं नाही. पलीकडच्या म्हाताऱ्याला दाणा झाला नाही, पण मंडळाचं, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गावांच्या गटाचं, सरासरी उत्पादन उंबरठ्याच्या, म्हणजे भरपाईसाठी ठरवलेल्या पातळीच्या, वर आलं. तो ऑफिसात येऊन मला एवढंच म्हणाला, “तुमची दोरी माझ्या रानात आलीच न्हाई.” काय बोलणार? दुसरी पद्धत मलाही सुचत नव्हती. दांडेकरांना हे दिसत नसेल असं नाही, पण मोजता येईल तेवढंच मांडायचं अशी त्यांची शिस्त दिसते.

तुझ्या लायब्ररीत तो अहवाल असेलच. त्यात माणबद्दल काही ओळी आहेत का बघ, आणि फोटो पाठव. मोठा काढ, चष्म्याचा नंबर वाढलाय. डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली आहे, ती मैत्रिणींत वाटून टाकू नकोस.

तुझे
आण्णा