मणक्याच्या शस्त्रक्रियेआधीची तयारी

महोदय,

मणक्याच्या नियोजित शस्त्रक्रियेची तारीख ठरली की रुग्णाच्या हाती बहुधा तपासण्यांची यादी आणि उपाशीपोटी येण्याची सूचना एवढेच पडते. मधले आठवडे वाया जातात. वास्तविक मणके जोडायचे असल्यास विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद व्हायला हवी, कारण निकोटीनमुळे हाड जुळून येण्यात अडथळा येतो. मधुमेहींनी केवळ त्या दिवशीची साखर न पाहता सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी वेळेत करून साखर आटोक्यात आणली, तर जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका कमी होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे डॉक्टरांनी लेखी द्यावे. शेजाऱ्याच्या सल्ल्याने त्या बंद करणारे आपल्याकडे कमी नाहीत. कुशीवर वळून, पाय खाटेखाली सोडत, हातांच्या आधाराने उठणे फिजिओथेरपिस्टने आधीच शिकवले, तर ते टाक्यांच्या वेदना सोसत शिकावे लागत नाही. पेडणे किंवा काणकोणच्या रुग्णाला यासाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खेपा घालायला न लावता, हे मार्गदर्शन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मराठी-कोकणीतून मिळेल, अशी सोय आरोग्य खात्याने करावी.

– एक वाचक, फोंडा