नकाशे ऑनलाइन, तरी साइटवर कागदाचे भेंडोळे

बांधकाम परवानगीचे अर्ज आता ऑनलाइन जातात, महापालिकेतल्या फायलींचे गठ्ठे कमी झाले. प्रत्यक्ष साइटवर मात्र कागद तेवढाच. आर्किटेक्टने एक खिडकी सरकवली की ए-१ आकाराचा अख्खा संच पुन्हा प्लॉटरवर, म्हणजे मोठे नकाशे छापणाऱ्या यंत्रावर. ठेकेदार, सुपरवायझर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, प्रत्येकाला वेगळी प्रत. आधीचा संच रद्दीत, नाहीतर सिमेंटच्या गोणीखाली.

ए-१ म्हणजे अर्धा चौरस मीटर कागद. तोच नकाशा ए-३ वर काढला तर चौथाई कागदात भागतो. १:१०० चे प्रमाण १:२०० होते, म्हणजे प्रत्येक रेषा निम्म्या लांबीची होते, हे खरे. पण साइटवर फूटपट्टी लावून माप घ्यायचेच नसते, लिहिलेले माप वाचायचे असते. अक्षरे वाचता येतील एवढी मोठी ठेवली की झाले.

'सगळे टॅबवर करा' हा सल्ला एसीत बसून देणे सोपे आहे. भर उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि सळ्या बांधणाऱ्याचे हात मोकळे नसतात. म्हणून सळ्यांचे तपशील कागदावर मोठे हवेतच. बाकीचे ए-३ वर, तेही कृष्णधवल. बदल झाला तर बदललेलेच पान छापावे आणि जुन्यावर लगेच 'रद्द' शिक्का मारावा. हा शिक्का कागद वाचवण्यापुरता नाही. भिंतीवरचा जुना नकाशा बघून कॉलम चुकला, तर तोडफोडीत जाणाऱ्या काँक्रीटपुढे कागद काहीच नाही.

गृहनिर्माण संस्था आणि विकासकांनी कंत्राटातच प्रतींची संख्या लिहून घ्यावी. आज ती कुणीच विचारत नाही.

— एक साइट इंजिनिअर, पुणे